पित्याच्या, पुत्राच्या… : जर्मन शुभेच्छा आणि षष्ठी विभक्ती

कुणाची लेक नर्सिंगच्या नोकरीसाठी, कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाल्याचे अलीकडे वरचेवर कानी येते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला, तेव्हापासून तर जर्मन शिकण्याची चौकशी जास्तच होऊ लागली आहे. पुण्यामुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात आणि गावोगावच्या खासगी वर्गांत मुले ही भाषा शिकत आहेत. वर्गात सुरुवातीला तिकीट कसे काढावे, पत्ता कसा विचारावा, डॉक्टरांना दुखणे कसे सांगावे हे शिकवतात. ते हवेच. पण तिथे गेल्यावर थोड्याच दिवसांत एक वेगळा प्रसंग येतो. बरोबर काम करणाऱ्या बाईला मुलगा होतो, किंवा घरमालकाची आई वारते, आणि सगळे मिळून एक कार्ड आणतात. कार्ड हातात येते. त्यावर दोन ओळी लिहायच्या असतात.

त्या दोन ओळींत जी विभक्ती हमखास अडते ती षष्ठी. आजचा पाठ त्या दोन ओळींसाठी आहे. आधी शुभेच्छा पाहू, मग षष्ठीकडे वळू.

उच्चाराबद्दल थोडे सांगतो, कारण इथे मराठी माणसाला घरबसल्या फायदा आहे. आपल्याला 'च' दोन येतात, 'चहा'तला आणि 'चुलत्या'तला. जर्मन भाषेतला 'त्स' म्हणजे आपल्या चुलत्याचा 'च'. 'त्सुम' हा शब्द वाचताना जीभ अडखळली तर 'चुलता' आठवावा. तसेच 'ज'चे. खाली 'जोन' (मुलगा) असा शब्द येईल, त्यातला 'ज' 'जोर'मधला आहे, 'जीव'मधला नव्हे. 'ग्ल्युक'मधल्या 'ल्यु'साठी ओठ 'उ' म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचे. आरशासमोर दहा वेळा केले की जमते. घरचे हसतील, हसू द्यावे.

आता सण. नाताळला 'फ्रोए वाइनाख्टेन' म्हणतात. 'फ्रोए' म्हणजे आनंदी. भाविक घरांत आणि चर्चमध्ये 'गेजेग्नेटे वाइनाख्टेन', म्हणजे आशीर्वादित नाताळ, असेही म्हणतात. 'वाइनाख्टेन' हा शब्द मुळात 'पवित्र रात्रींत' अशा अर्थाच्या जुन्या शब्दप्रयोगातून आला. एक रात्र नव्हे, अनेक रात्री. म्हणून शुभेच्छेतले विशेषणही अनेकवचनी, 'फ्रोए'. पुनरुत्थानाच्या सणाला 'फ्रोए ओस्टर्न', तेही तसेच अनेकवचनी. नवीन वर्षाला मात्र 'फ्रोएस नॉयेस यार'. ('यार' म्हणजे वर्ष, दोस्त नव्हे.) वर्ष हा शब्द तिथे नपुंसकलिंगी, एकवचनी, म्हणून 'फ्रोए'चे 'फ्रोएस' झाले. हा शेवटचा 'स' लक्षात ठेवा. पुढे षष्ठीतही 'स' येणार आहे आणि दोन्हींची गल्लत होते. 'फ्रोएस'मधला 'स' षष्ठीचा नाही.

शब्दांपेक्षा वेळ सांभाळणे अवघड आहे. आपल्याकडे डिसेंबर लागला की 'हॅपी ख्रिसमस' सुरू होते. जर्मनीत आगमनकाळ हा आगमनकाळच असतो. त्या चार आठवड्यांत 'आइनेन श्योनेन आडवेंट' (आगमनकाळ छान जावो) असे म्हणतात. 'फ्रोए वाइनाख्टेन' खऱ्या अर्थाने सुरू होते २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. त्याआधी सुट्टीवर जाणाऱ्या सहकाऱ्याचा निरोप घेताना म्हटले तर चालते, कारण पुढे भेट होणार नसते. ३१ डिसेंबरला जर्मन लोक 'सिल्वेस्टर' म्हणतात, त्या दिवशी परमगुरू संत सिल्वेस्टर यांचा सण असतो म्हणून. त्या दिवसापर्यंत एकमेकांना 'गूटेन रुच' म्हणायचे. 'रुच' म्हणजे घसरणे. नव्या वर्षात छान घसरत जा, अशी ही गमतीची शुभेच्छा आहे. रात्री बारा वाजले की ती संपली. मग 'फ्रोएस नॉयेस यार'. पवित्र शुक्रवारी कुणीही 'फ्रोए' काही म्हणत नाही. त्या दिवसाचे नावच 'कारफ्रायटाग' असे आहे, आणि त्यातल्या 'कार' या जुन्या शब्दाचा अर्थ शोक किंवा विलाप.

वाढदिवसाची गोष्ट तर नीट समजून घ्यावी. आपण उद्या भेट होणार नाही म्हणून आजच शुभेच्छा देऊन मोकळे होतो. जर्मन माणसाला वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिल्या तर तो अपशकुन मानला जातो. सुशिक्षित माणूसही ओशाळा हसून 'आज नको, उद्या' म्हणतो. उशीर झाला तर हरकत नाही, आधी मात्र नाही.

वाढदिवसाला म्हणायचे 'हेर्त्सलिशेन ग्ल्युकवुन्श त्सुम गेबुर्ट्सटाग'. 'ग्ल्युक' म्हणजे भाग्य किंवा सुख, 'वुन्श' म्हणजे इच्छा. आपल्या जुन्या निमंत्रणपत्रिकांतल्या 'अभीष्टचिंतन' शब्दाच्या अगदी जवळचा हा शब्द. परीक्षा पास होणे, लग्न, बाळाचा जन्म, गुरुदीक्षा, नवी नोकरी या सगळ्यांना तो चालतो. सणाला चालत नाही. नाताळला कुणाला 'ग्ल्युकवुन्श' म्हणणे म्हणजे नाताळ झाल्याबद्दल त्याचे अभिनंदन करणे! दक्षिण जर्मनीत, विशेषतः बायर्न राज्यात (आपण ज्याला बव्हेरिया म्हणतो), जुन्या कॅथलिक घरांत नामदिनही पाळतात. तेव्हा 'आलेस गूटे त्सुम नामेन्सटाग' म्हणतात. 'आलेस गूटे' म्हणजे सारे काही चांगले होवो. काय म्हणावे सुचले नाही की हे दोन शब्द बहुतेक आनंदाच्या प्रसंगी कामाला येतात.

इथवर सगळे पाठ करून जमते. अडचण पुढे आहे. 'जन्माबद्दल अभिनंदन' एवढे म्हणून भागत नाही. कुणाच्या जन्माबद्दल? 'तुमच्या मुलाच्या जन्माबद्दल.' या 'च्या'साठी षष्ठी लागते.

मराठीत षष्ठीचे प्रत्यय चा, ची, चे. देवाचा पुत्र, देवाची आई, देवाचे राज्य. इथे 'देवा' तोच राहिला. बदलला तो प्रत्यय, आणि तो कुणाकडे बघून बदलला? पुत्राकडे, आईकडे, राज्याकडे. म्हणजे मराठीत षष्ठीचा प्रत्यय पुढच्या शब्दाचे लिंग विचारतो. जी गोष्ट कुणाची तरी आहे, तिच्याशी तो जुळवून घेतो.

आता जर्मन पाहा. 'जोन गॉटेस' म्हणजे देवाचा पुत्र. 'मुटर गॉटेस' म्हणजे देवाची आई. 'राइश गॉटेस' म्हणजे देवाचे राज्य. तिन्ही ठिकाणी 'गॉटेस'. पुत्र असो, आई असो की राज्य, जर्मन षष्ठीला त्याचे देणेघेणे नाही. ती मागे बघते. ज्याचे आहे त्याचे लिंग विचारते. देव ('गॉट') पुल्लिंगी, म्हणून 'गॉटेस'. झाले.

पाठातली मुख्य गोष्ट हीच, आणि मराठी शिकणारा बहुधा इथेच चुकतो. त्याला तो, ती, ते ही तीन लिंगे ठाऊक असतात. जर्मन भाषेतही तीनच आहेत, डेर, डी, डास. हिंदीभाषकाला तिसरे लिंग नव्याने शिकावे लागते, आपल्याला नाही. पण हीच सवय षष्ठीत घात करते. 'वडिलांची गाडी' म्हणताना मन 'ची'कडे, म्हणजे गाडीकडे धावते आणि स्त्रीलिंगी रूप वापरून बसते. जर्मन भाषेत विचार वडिलांचा करायचा, गाडीचा नाही.

नियम थोडक्यात असा. ज्याचे आहे तो शब्द पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी असेल तर आधी 'डेस' येते आणि त्या शब्दाला 'स' किंवा 'एस' जोडतात. स्त्रीलिंगी असेल तर 'डेर' येते आणि शब्दाला काहीही होत नाही. अनेकवचनातही 'डेर', आणि शब्द आहे तसाच. 'फाटर' (वडील) चे 'डेस फाटर्स', 'किंट' (मूल) चे 'डेस किंडेस', 'मुटर' (आई) चे 'डेर मुटर'. आपल्याकडेही 'मूल'चे 'मुला' होते आणि 'आई' मात्र 'आई'च राहते, आईचा, आईची, आईचे. हे साम्य स्मरणापुरते ठेवावे. मराठीत सगळेच स्त्रीलिंगी शब्द असे अभंग राहत नाहीत.

लिंगे मात्र मराठीवरून ठरवू नयेत. 'ग्नाडे' म्हणजे कृपा, दोन्हीकडे स्त्रीलिंगी. 'किंट' म्हणजे मूल, दोन्हीकडे नपुंसकलिंगी. इतक्यावर खूश होऊन पुढे जावे तर सूर्य तिथे स्त्रीलिंगी निघतो आणि क्रूस नपुंसकलिंगी. शब्द पाठ करताना डेर, डी, डास यांच्यासकटच पाठ करावा, दुसरा मार्ग नाही.

आता ही रूपे डोक्यात बसवण्यासाठी वेगळे तक्ते घोकण्याची गरज नाही. रोजच्या प्रार्थनांत ती भरलेली आहेत. क्रुसाची खूण करताना जर्मन माणूस म्हणतो, 'इम नामेन डेस फाटर्स उंट डेस जोनेस उंट डेस हाइलिगेन गाइस्टेस'. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. तीन पुल्लिंगी शब्द, तीनदा 'डेस', तीनदा शेवटी 'स'. मराठीत 'च्या' का आला? पुढे 'नावाने' आहे म्हणून. जर्मन भाषेत 'डेस' का आला? पिता, पुत्र आणि आत्मा पुल्लिंगी आहेत म्हणून. दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून पाहा, वर सांगितलेला फरक डोळ्यांना दिसेल. 'फाटर'ला नुसता 'स' आणि 'जोन'ला, 'गाइस्ट'ला 'एस' का, हेही इथेच कळते. शेवटी 'अर', 'एल', 'एन' असलेल्या शब्दांना नुसता 'स' पुरतो. एका अवयवाच्या आखूड शब्दांना बहुधा 'एस' लावतात.

'नमो मरिया'त स्त्रीलिंगी रूपही सापडते. 'कृपेने पूर्ण' यासाठी तिथे 'फॉल डेर ग्नाडे' आहे. 'डेर' आले आणि 'ग्नाडे' तशीच राहिली. 'तुझ्या उदरीचे फळ' यात 'डाइनेस लाइबेस', 'आमच्या मरणाच्या' यासाठी 'उन्जेरेस टोडेस'. म्हणजे 'माझा, तुझा, आमचा' हे शब्द पुढे आले तर तेही 'डेस'सारखे 'एस' घेतात आणि स्त्रीलिंगी शब्दापुढे 'डेर'सारखे 'अर' घेतात. एका प्रार्थनेत निम्मी षष्ठी शिकून होते. एक शब्द मात्र वेगळा चालतो. प्रभू म्हणजे 'हेर'. त्याचे 'हेर्स' होत नाही, 'हेर्न' होते. 'एंगेल डेस हेर्न' म्हणजे प्रभूचा दूत. असे 'न' घेणारे थोडे शब्द आहेत, ते भेटतील तसे लक्षात ठेवावेत.

जर्मन दिनदर्शिकाही षष्ठीने भरलेली आहे. १ मे हा 'टाग डेर आर्बाइट', श्रमाचा दिवस. ३ ऑक्टोबर हा 'टाग डेर डॉयचेन आइनहाइट', म्हणजे जर्मन एकीकरणाचा दिवस. १९९० साली देश एक झाला त्याची ही सार्वजनिक सुट्टी. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाला 'आलरहाइलिगेन' म्हणतात. हा शब्द 'सर्व संतांचा दिवस' यातला 'दिवस' गळून उरलेला आहे. म्हणजे त्यातले 'आलर' हे अनेकवचनी षष्ठीचे रूप, मालक हरवलेल्या 'चा'सारखे एकटेच उभे. दुसऱ्या दिवशीचे 'आलरजेलेन', मृतांचा स्मरणदिन, तेही तसेच. या दिवसांत लोक कबरी साफ करून दिवे लावतात, आपल्यासारखेच. तेव्हा कुणी शुभेच्छा देत नाही.

येशू आणि मरिया या नावांना तर लॅटिन षष्ठी अजून चिकटून आहे. येशूचा जन्म म्हणजे 'गेबुर्ट येजू', ख्रिस्ताचे स्वर्गारोहण म्हणजे 'क्रिस्टी हिमेलफार्ट'. आपल्याकडे स्वर्गारोहणाचा सण रविवारी होतो. जर्मनीत तो गुरुवारीच असतो आणि देशभर सुट्टी असते. १५ ऑगस्टचा पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण 'मारिए हिमेलफार्ट'. त्याची सुट्टी मात्र जारलांट राज्यात आणि बायर्नमधल्या कॅथलिक बहुसंख्य गावांतच. साध्या माणसांच्या नावांना नुसता 'स' लावतात आणि नाव आधी येते, अगदी मराठीसारखे. अनाचे घर म्हणजे 'आनास हाउस'.

इथे कुणी म्हणेल की षष्ठी आता मरत चालली आहे, कशाला शिकायची? हे अगदी खोटे नाही. बोलताना जर्मन लोक षष्ठी टाळून 'फॉन' हा शब्द वापरतात आणि पुढे चतुर्थी लावतात. बास्टियान सिक या लेखकाचे भाषेवरचे एक पुस्तक २००४ साली फार गाजले. चतुर्थीने षष्ठीचा जीव घेतला, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे, आणि गंमत म्हणजे ते नावच षष्ठी टाळून गावरान चतुर्थीत लिहिलेले आहे. तेव्हा वॉर्डात किंवा दुकानात बोलताना खुशाल 'फॉन' वापरावे. पण कार्ड लिहिताना, अर्ज करताना, चर्चमध्ये वाचन करताना षष्ठी जिवंत आहे. लग्नाच्या कार्डावर बोलीतला 'फॉन' दिसला तर कुणी रागावणार नाही. मात्र लिहिणाऱ्याला तेवढेच येते हे कळते.

तर आता कार्ड पुढे घेऊ. ओळखीच्या जोडप्याला मुलगा झाला, तर लिहायचे 'हेर्त्सलिशेन ग्ल्युकवुन्श त्सुर गेबुर्ट ऑयरेस जोनेस'. मुलगी झाली तर 'ऑयरर टोख्टर'. 'ऑयर' म्हणजे तुम्हा दोघांचा. जन्म ('गेबुर्ट') दोन्ही वेळा तोच आहे, स्त्रीलिंगी आहे, आणि तरी पुढचा शब्द बदलला, कारण बाळ बदलले. मराठीत 'मुलाच्या जन्माबद्दल' आणि 'मुलीच्या जन्माबद्दल', 'च्या' तोच राहिला. बाप्तिस्मा असेल तर 'त्सुर टाउफे', लग्न असेल तर 'त्सुर होख्त्साइट', आणि पुढे तीच षष्ठी.

दुःखाच्या कार्डाकडे जास्त लक्ष द्यावे, कारण तिथली चूक माणूस हसून सोडत नाही, मनात ठेवतो. वडील वारले तर 'हेर्त्सलिशेस बाइलाइट त्सुम टोट ईरेस फाटर्स', आई वारली तर 'त्सुम टोट ईरर मुटर'. यातले 'ईर' म्हणजे आदरार्थी 'आपला'. आता धोका सांगतो. 'तिचा' किंवा 'त्यांचा' यालाही जर्मन भाषेत 'ईर'च म्हणतात. उच्चारात काडीचा फरक नाही. फरक फक्त लिहिताना, पहिल्या अक्षरात. 'आपला' असेल तर पहिले अक्षर मोठे, 'तिचा' असेल तर लहान. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसल्याने आपला हात तिथे सहज सैल पडतो. आणि मग 'आपल्या आईच्या निधनाबद्दल' लिहायचे ते 'तिच्या आईच्या निधनाबद्दल' होऊन जाते. कार्ड मिळालेल्या माणसाला प्रश्न पडतो, कुणाच्या आईच्या? सही करण्यापूर्वी ते एक अक्षर पुन्हा पाहावे.

ज्यांच्याशी एकेरीत बोलणे आहे त्यांच्यासाठी 'ईर'ऐवजी 'डाइन', म्हणजे 'तुझा'. जर्मन माणूस स्वतः एकेरीवर येऊ म्हणेपर्यंत आदरार्थीच ठेवावे. आपल्या घरांत आईला 'तू' आणि सासूला 'तुम्ही' म्हणतात, तेव्हा हे शिकवायला नको.

थोडा सराव करू. खालची वाक्ये आधी स्वतः करून पाहा, उत्तरे लगेच पुढे आहेत. बोटाने झाकून घ्या. पहिले, एका जोडप्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याबद्दल अभिनंदन. दुसरे, वरिष्ठ बाईंच्या मुलाच्या लग्नाबद्दल अभिनंदन, आदरार्थी. तिसरे, मैत्रिणीच्या भावाच्या निधनाबद्दल सांत्वन, एकेरीत; भाऊ म्हणजे 'ब्रूडर'. चौथे, 'वर्षाच्या शेवटी'. शेवटी म्हणजे 'आम एंडे'.

पहिल्याचे उत्तर 'हेर्त्सलिशेन ग्ल्युकवुन्श त्सुर टाउफे ऑयरर टोख्टर'. दुसऱ्याचे 'हेर्त्सलिशेन ग्ल्युकवुन्श त्सुर होख्त्साइट ईरेस जोनेस', आणि 'ईरेस'चे पहिले अक्षर मोठे. 'होख्त्साइट' स्त्रीलिंगी आहे म्हणून 'ईरर' लिहिले असेल तर मराठीची सवय अजून सुटलेली नाही. लग्न कुणाचे ते बघा. तिसऱ्याचे 'हेर्त्सलिशेस बाइलाइट त्सुम टोट डाइनेस ब्रूडर्स'. चौथ्याचे 'आम एंडे डेस यारेस'. 'फ्रोएस नॉयेस यार'मध्ये 'यार'ला 'एस' नव्हता, इथे आला, आणि हा खरोखर षष्ठीचा आहे.